नदीमुखाचे अन्नजाळे : तिवराचे पान आणि न दिसणारे शैवाल
(गोदावरी खोरे : लेखांक सातवा)

दारव्हा तालुक्यातून वाहणाऱ्या अडाण नदीचे पाणी पैनगंगेला, पैनगंगेचे वर्धेला आणि वर्धा-वैनगंगेच्या संगमातून पुढे निघालेल्या प्राणहितेचे सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या तालुक्यालाही एक नदीमुख आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. धवळेश्वरम् येथे गोदावरीला फाटे फुटतात. त्यांपैकी गौतमी ही शाखा काकिनाड्याच्या दक्षिणेस समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटीचे, म्हणजे तिवरासारख्या झाडांचे, जंगल पसरलेले आहे. सुमारे 235 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र 1978 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. दारव्ह्याच्या काळ्या रानावर पडलेल्या पावसाचा जो भाग वाहून जातो, तो अखेर याच परिसरात खाऱ्या पाण्यात मिसळतो.

नदीचे गोडे पाणी आणि भरतीबरोबर आत शिरणारे समुद्राचे पाणी जेथे एकमेकांत मिसळते, त्या पट्ट्याला नदीमुख म्हणतात. तेथील क्षारता दिवसातून अनेकदा आणि ऋतूगणिक पालटते. ते सोसणाऱ्या जाती मोजक्या असतात, परंतु ज्या टिकतात त्यांची संख्या प्रचंड वाढते, कारण नदी आणि समुद्र दोघांकडून येणारी पोषकद्रव्ये उथळ पाण्यात साठून राहतात. येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नत्र, स्फुरद, सिलिका ही द्रव्ये सजीवांतून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा सजीवांत फिरत राहतात. ऊर्जा मात्र सूर्याकडून एकदाच येते आणि प्रत्येक पायरीवर उष्णतेच्या रूपाने गळत जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये एका लहान तळ्याच्या अभ्यासातून हा हिशेब प्रथम मांडला. खालच्या पायरीवरील ऊर्जेचा सुमारे दहावा हिस्सा वरच्या पायरीला मिळतो हा पाठ्यपुस्तकी नियम त्याच परंपरेतला आहे, पण तो ठोकळ अंदाज असून प्रत्यक्षात हे प्रमाण बरेच कमीअधिक होते.

नदीमुखातील अन्नजाळ्याला, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अनेक अन्नसाखळ्यांच्या विणीला, दोन मुळे असतात. पहिले मूळ जिवंत वनस्पतींचे : पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक आणि चिखलाच्या पृष्ठभागावर वाढणारे एकपेशीय शैवाल यांना प्राणिप्लवक, शिंपले व लहान कोळंबी खातात. दुसरे मूळ मृत वनस्पतींचे : गळलेली पाने, साली व मुळे कुजून त्यांचे बारीक कण होतात, त्यांवर जिवाणू व बुरशी वाढतात आणि हा सेंद्रिय कुजकणांचा साठा प्राण्यांच्या पोटात जातो. खारफुटीच्या प्रदेशात दुसरे मूळच प्रधान असावे असे दीर्घकाळ मानले गेले. 1970 च्या सुमारास एरिक हील्ड व विल्यम ओडम यांनी फ्लोरिडातील खारफुटीच्या पानांचा माग काढून, हीच पाने कुजून कोळंबी व मासे यांना पोसतात, असे दाखवले. त्या निष्कर्षाचा प्रभाव इतका मोठा होता की खारफुटीच्या संरक्षणाच्या बाजूने आजही बहुधा तोच युक्तिवाद प्रथम पुढे केला जातो.

कोरिंगाच्या खाड्यांनी या चित्रात दुरुस्ती केली. एकविसाव्या शतकाच्या वळणावर विशाखापट्टणम् येथील आंध्र विद्यापीठातील ए. व्ही. रामन आणि बेल्जियममधील स्टीव्हन ब्युइयाँ यांच्या गटाने तेथील प्राण्यांच्या ऊतींमधील स्थिर समस्थानिके मोजली. समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वस्तुमानाचे अणू. कार्बन-12 आणि कार्बन-13 यांचे परस्पर प्रमाण खारफुटीच्या पानांत एक आणि सागरी शैवालात दुसरे असते, आणि ते प्रमाण खाणाऱ्याच्या देहात फारसे न बदलता उतरते. नत्राचे जड समस्थानिक मात्र प्रत्येक पायरीवर थोडे वाढते, त्यामुळे तो प्राणी कितव्या पायरीवर आहे याचाही अंदाज येतो. पोट फाडून अन्न तपासले तर शेवटचे जेवण कळते. समस्थानिकांवरून मात्र देह नेमका कशाने घडला हे कळते. पाण्याखालच्या चिखलात राहणाऱ्या बहुसंख्य अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या देहात तिवराच्या पानांचा कार्बन अल्प आढळला आणि शैवालाचा कार्बन कितीतरी अधिक. जंगल डोळ्यांत भरते, परंतु त्याच्या पायाशी चालणारी पंगत मुख्यतः भिंगाखालीच दिसणाऱ्या वनस्पतींवर उठते.

असे का व्हावे, याचे उत्तर पानाच्या घडणीत आहे. खारफुटीच्या पानात टॅनिन व तंतू विपुल आणि नत्र तुटपुंजे असते. शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या पऱ्हाटीला जनावर तोंड लावत नाही आणि ती उधईच्याच कामी येते, तशीच गत या पानाची होते. सेसार्मिड कुळातील खेकडे पाने बिळात ओढून खातात, पण असे उघड पर्णभक्षक थोडेच. उरलेल्या पानांतील कार्बन जिवाणू वापरतात, आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचा मोठा अंश श्वसनात खर्च होऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने पाण्यात व हवेत जातो. काही भाग प्राणवायूरहित चिखलात गाडला जातो, तर काही ओहोटीबरोबर समुद्रात निघून जातो. अर्थात यावरून खारफुटी निरुपयोगी ठरत नाही : मुळांच्या जाळीत पिलांना आसरा मिळतो, चिखल धरून ठेवला जातो आणि त्याच चिखलावर शैवाल वाढते. तिचे मोल अन्नापेक्षा निवाऱ्याचे अधिक आहे, एवढेच.

शैवालाला लागणारी बरीच सामग्री मात्र वरच्या खोऱ्यातून येते. डायाटम या शैवालगटाला आपले कवच घडवण्यासाठी विरघळलेली सिलिका लागते, आणि दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज हा गोदावरीच्या सिलिकेचा एक मोठा स्रोत आहे. दारव्ह्याच्या काळ्या मातीखाली तोच खडक आहे. तरीही पुराच्या ऐन दिवसांत नदीमुखात शैवाल फोफावत नाही, कारण पाणी गढूळ असल्याने प्रकाश आत पोहोचत नाही आणि प्रवाह इतका वेगवान असतो की पेशी दुप्पट होण्याआधीच समुद्रात ढकलल्या जातात. या काळात पुराबरोबर आलेला कुजाडा जिवाणू विघटित करतात आणि पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वातावरणाच्या तुलनेत अनेक पटींनी वाढतो, असे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम् केंद्रातील शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. म्हणजे नदीमुख तेव्हा जितकी ऊर्जा बांधते त्याहून अधिक खर्च करते. पूर ओसरला, गाळ बसला की प्रकाश आणि पोषकद्रव्ये एकाच वेळी उपलब्ध होतात व वनस्पतिप्लवकांचा बहर येतो.

हे वेळापत्रक आता केवळ पावसाच्या हाती नाही. आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली 1852 मध्ये पूर्ण झालेल्या धवळेश्वरम् बंधाऱ्याच्या जागी आज आधुनिक बॅरेज उभे आहे आणि कोरड्या महिन्यांत त्याच्या खाली गोडे पाणी जवळजवळ सोडले जात नाही. खोऱ्यातील धरणांमुळे मुखाशी पोहोचणारा गाळ 1970 च्या दशकाच्या तुलनेत विसाव्या शतकाच्या अखेरीस अर्ध्याहूनही कमी झाला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे सरकला. बंधाऱ्याची आडकाठी माशांनाही होते : पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणारा, गोदावरी जिल्ह्यांत पुलस म्हणून मोठ्या किमतीला विकला जाणारा हिलसा हा स्वतः प्लवकभक्षक मासा आहे. शैवालापासून माणसाच्या ताटापर्यंतची त्याची साखळी त्यामुळे अतिशय आखूड असते आणि कमी पायऱ्यांमुळे ऊर्जेची गळतीही कमी होते. अंडी घालण्यासाठी नदी चढताना तो फारसे खात नाही, नदीमुखात व समुद्रात साठवलेल्या चरबीवरच निभावतो. मात्र त्याची वरची वाट धवळेश्वरम्‌च्या दारांशी अडते.