कावळा शिवायला झाड तर हवं! गावचा मसणवटा पाखरांसाठी कसा राखायचा?

चाळीसगाव : दहाव्याला पिंड ठेवला की सगळ्या घराची नजर कावळ्याकडे लागते. पण मसणवट्यात मोठं झाड उरलं नसेल, तर कावळा बसणार कुठे आणि घरटं बांधणार कुठे? गावात सगळीकडे नांगर फिरला, बांध कोरले गेले, गायरानं आक्रसली. आता स्मशानभूमी, कब्रस्तान आणि देवळामागची पडीक जागा एवढीच न नांगरलेली जमीन उरली आहे. तीही सपाट करून पेव्हर ब्लॉक टाकायचे की राखायची, हे गावानेच ठरवायचे आहे.

देवाच्या नावाने जंगल टिकतं

तालुक्यातल्या पाटणादेवीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चंडिकादेवीचं हेमाडपंती देऊळ आणि भोवतीचा डोंगर आज गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. हे अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. राज्यात इतरत्र देवाच्या नावाने राखलेल्या अशा रानांना देवराई म्हणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. इंग्लंडमध्येही अनेक चर्चच्या कब्रस्तानात गवत फुलून बी पडल्यावरच कापतात.

शेतकऱ्याला काय फायदा?

पिंगळा आणि घुबड जुन्या झाडाच्या ढोलीत राहतात आणि रात्री शेतातले उंदीर खातात. लोक त्यांना अशुभ मानतात, पण ते शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार आहेत. त्यांना मारणं कायद्याने गुन्हाही आहे. कांद्याचं बियाणं धरायला मधमाशी लागते, आणि कांदा फुलात नसतो तेव्हा तिला निंब, करंज, बोर, चिंच यांची फुलं लागतात. वड, पिंपळ, उंबराची फळं खाऊन पाखरं बी लांबवर टाकतात.

मोकळी माती पाणीही जिरवते. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नदीच्या पुराने काय केलं, ते तालुका विसरलेला नाही. एका मसणवट्याने पूर अडणार नाही, पण सिमेंटवरून पाणी पळतं आणि मातीत मुरतं, एवढं खरं.

काय करावं?

- जुनी झाडं, ढोली असलेला वाळका बुंधाही, धोका नसेल तर तोडू नका. बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा घट्ट बांधू नका, मुळांना हवा आणि पाणी लागतं.
- रस्ता, शेड आणि ओट्याभोवतीची जागा स्वच्छ ठेवा, म्हणजे सापकिरड्याची भीती राहत नाही. कडेचं गवत बी पडल्यावर, दिवाळीनंतर कापा.
- पालापाचोळा पेटवू नका. कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाका, खत होतं.
- गुलमोहर, सुबाभूळ यापेक्षा वड, पिंपळ, उंबर, निंब, करंज, बोर लावा. दहा रोपं लावा, पण दोन उन्हाळे पाणी घाला आणि गुरांपासून काट्याची कुंपणं करा.
- तणनाशक फवारू नका.

ग्रामपंचायतीचं काम

जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या गावची नोंदवही आहे का, त्यात मसणवट्यातली झाडं लिहिली आहेत का, हे ग्रामसभेत विचारा. जागा ट्रस्टची किंवा जमातीची असेल, तर आधी त्यांच्याशी बोला. काम उरकायच्या आधी ठराव झाला तर नंतर वाद होत नाही.

आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. यंदा एक भांडं मसणवट्यातल्या झाडाखालीही ठेवा. उन्हाळ्यात तहानलेली पाखरं तिथे येतील, आणि दहाव्याला कावळ्याची वाट बघत बसावं लागणार नाही.