हातामागचा हेतू

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी मानसशास्त्रावर वर्तनवादाची हुकमत होती. उद्दीपक आला की प्रतिक्रिया उमटते, परिस्थिती ढकलते आणि प्राणी हलतो, असे त्याचे सांगणे. हेतू, इच्छा हे शब्द प्रयोगशाळेतून जवळजवळ हद्दपार झाले होते.

या गडाला सुरुंग लावला तो एका बाहेरच्या माणसाने. विल्यम पॉवर्स हे युद्धकाळात नौदलातले इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ, मग भौतिकशास्त्राचे पदवीधर आणि शिकागोत वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ. स्वयंनियंत्रित यंत्रे त्यांच्या हाताखालून गेलेली. अशा यंत्राला जे जाणवते तेच ते ठरलेल्या मूल्याशी सांभाळून धरते आणि त्यासाठी आपली कृती खुशाल बदलत राहते. माणूसही असाच असेल तर? क्लार्क आणि मॅकफारलंड या सहकाऱ्यांसह १९६० साली त्यांनी हा विचार छापला. मानसशास्त्राचा प्रवाह मात्र जुन्याच पात्रातून वाहत राहिला. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण पॉवर्स यांनी सुरू केले आणि अर्ध्यावर सोडले. पुढे वेधशाळेची उपकरणे घडवत त्यांनी उपजीविका केली, पण प्रश्न सोडला नाही. ‘बिहेवियर: द कंट्रोल ऑफ पर्सेप्शन’ हा ग्रंथ यायला १९७३ साल उजाडले.

खरा हादरा दिला तो अगदी साध्या प्रयोगाने. पडद्यावरची खूण दांडा हलवून ठरलेल्या जागी धरायची. संगणक तिला गुपचूप इकडे-तिकडे ढकलत राहणार. आलेख काढले, तेव्हा उद्दीपक-प्रतिक्रियेचे सारे शास्त्र पणाला लागले. डोळ्यांना दिसणारी खूण आणि हाताची हालचाल यांचा मेळ जवळजवळ शून्य! उलट, प्रयोगातल्या माणसाला कधीच न दिसलेल्या त्या धक्क्यांची हुबेहूब उलटी प्रतिमा त्याच्या हाताने रेखाटली होती. दिसणारी गोष्ट हाताला हलवत नव्हती. ती हवी तशी दिसत राहावी म्हणून हात हलत होता. हद्दपार झालेला हेतू आलेखाच्या रेषेतून परतला. १९७८ साली ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’त याचे गणित प्रसिद्ध झाले. मला या शोधाचे मोठेपण इथे दिसते: माणसाचा मान राखणारे विधान त्यांनी मोजून दाखवले.

पण दांडा सांभाळणारा माणूस स्वतःलाही असाच सांभाळतो का? पॉवर्स यांच्या मांडणीत जाणिवांची उतरंड आहे आणि तिच्या माथ्यावर ‘मी कोण’ ही कल्पना. रिचर्ड रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी तिलाच धक्का देऊन पाहिले. आधी लोकांकडून त्यांचे स्ववर्णन घेतले, मग त्याच्याशी विसंगत शेरा मारला. बहुतेकांनी तो तिथल्या तिथे दुरुस्त केला. १९९९ साली हे निष्कर्ष छापून आले. न पटणारी स्तुती आपण का झटकतो, याचा उलगडाही यातून होतो: ती गोड असली तरी आपल्या प्रतिमेला धक्काच देते.

याच विचारातून ‘मेथड ऑफ लेव्हल्स’ ही उपचारपद्धती उभी राहिली. टिमोथी केरी यांनी स्कॉटलंडच्या फाइफ भागात ती रुग्णांसाठी वापरली. तिच्यात उपचारक सल्ला देत नाही. बोलता बोलता रुग्ण अडखळला, हसला किंवा त्याने नजर वळवली, की उपचारक विचारतो, “आत्ता मनात काय येऊन गेलं?”