खाडीकडे पाठ फिरवलेले शहर

गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सायंकाळी सुटणाऱ्या लाँचमध्ये बसून मुंबईचे दर्शन घेणे, हा ठाणे जिल्ह्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांचा सुटीच्या दिवसाचा जुना कार्यक्रम आहे. बाळकुमच्या कुटुंबाला त्यासाठी रिक्षाने ठाणे स्टेशन गाठावे लागते, तेथून चौतीस किलोमीटरचा लोकलप्रवास आणि पुढे बस. पण लाँच धक्का सोडून थोडी आत गेली, की साऱ्या यातायातीचे चीज होते. १९०३ साली उघडलेले ताजमहाल हॉटेल आणि त्याच्या पुढ्यातील, १९२४ साली पुरी झालेली विटेट यांची कमान या दोन्ही वास्तू रस्त्यावरून केवळ भव्य दिसतात. पाण्यावरून त्या अर्थपूर्ण दिसू लागतात. कारण उघड आहे. त्या समुद्रमार्गे येणाऱ्या माणसाने पाहाव्यात म्हणूनच तेथे उभ्या आहेत. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा मनोरा तर बंदरात शिरणाऱ्या खलाशांना खुणेसारखा उपयोगी पडे. शहराचे तोंड पाण्याकडे होते, आणि अजूनही, निदान त्या एका टोकाला, ते तसेच आहे.

अंधार पडल्यावर हे कुटुंब ज्या बाळकुमला परतते, त्या गावालाही पाणी आहे. कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्यापाशी दुभंगते. तिचा लहान फाटा दक्षिणेला वळून ठाण्याच्या खाडीत जातो. मोठा प्रवाह बाळकुम आणि कोलशेतवरून, घोडबंदरला वळसा घालीत वसईपाशी समुद्राला मिळतो. साष्टी हे बेट आहे, हे भूगोलाच्या पुस्तकातील वाक्य प्रत्यक्षात पाहायचे तर बाळकुमच्या काठाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याचा उल्लेख आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच पाण्याशी निगडित झाली. १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई पोर्तुगिजांकडून घेताना मराठ्यांची लढाई चालली ती याच प्रवाहांच्या काठांवर. असे असता बाळकुमच्या विद्यार्थ्याला नौकानयनाची कल्पना यावी म्हणून मुंबईला न्यावे लागते, ही परिस्थिती चमत्कारिक म्हटली पाहिजे.

ती ओढवली कशी, हे सांगायला फार शब्द नकोत. १८५३ च्या एप्रिलमध्ये आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली, आणि माणसे व माल हळूहळू पाण्यावरून रुळांवर व मग रस्त्यांवर चढला. खाडीत उरले ते मासेमारीचे होडके आणि रेतीचे पडाव. पुढे कारखाने आले, त्यांना सांडपाणी सोडायला जागा हवी होती, ती मिळाली. कोलशेत-बाळकुम पट्ट्यातील अनेक कारखाने आता गेले आहेत आणि त्यांच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहिली आहेत. गंमत अशी, की ज्या खाडीकडे शहराने शतकभर ढुंकून पाहिले नाही, तिचे दर्शन आता चौरस फुटाच्या भावाने विकले जाते. विसाव्या मजल्यावरच्या गच्चीतून ती दिसते. पाड्यातील चाळीतून दिसत नाही.

याच एका कारणासाठी बाळकुम-कोलशेतच्या काठावरून संध्याकाळची साधी प्रवासी लाँच सुटावी, असे म्हणावेसे वाटते. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला आहे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली अशी धक्क्यांची नावे त्यानंतरच्या आराखड्यांतून वाचायला मिळत आली. अशी लाँच काय दाखवील? ताजमहाल हॉटेल दाखवणार नाही. पण कशेळीपाशी भिवंडीला जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्याचा पूल दाखवील, आणि तानसा-वैतरणेचे पाणी मुंबईला नेणाऱ्या अजस्र जलवाहिन्या येथेच खाडी ओलांडतात, हेही दाखवील. पिण्याचे पाणी वर नळांतून मुंबईला चालले आहे आणि खाली मैला वाहतो आहे, हे दृश्य कोणत्याही नागरिकशास्त्राच्या धड्याहून बोलके आहे. पश्चिमेकडे वळल्यास डाव्या हाताला येऊरचे डोंगर, काठाला तिवरांची हिरवी भिंत, नागला बंदर, गायमुख आणि मावळत्या उन्हात घोडबंदरचा पोर्तुगीजकालीन किल्ला. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील आणि त्यांच्यावर टपलेले बगळेही. मुंबईच्या समुद्रदर्शनात जे वैभव आहे ते येथे नाही. पण जे आहे ते कोणाच्या स्वागतासाठी सजवलेले नाही.

यावर एक आक्षेप येणारच. लोकलच्या दारात लटकून कामावर जाणाऱ्यांच्या जिल्ह्यात सहलीच्या बोटीचा विचार म्हणजे चैन नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची टेम्स नदी मैल्याने इतकी सडली, की काठावरच्या पार्लमेंटमध्ये सभासदांना बसवेना. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. दुर्गंधी त्यापूर्वीही होती, पटकीने माणसेही मरत होती. परंतु कायदा करणाऱ्यांच्या नाकापर्यंत ती पोहोचली, तेव्हाच गटारयोजनेला पैसा मंजूर झाला आणि बॅझलगेट यांचे काम मार्गी लागले. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापर्यंत गेला. तो नेला मूठभर कार्यकर्त्यांनी. बाकीच्या लाखो रहिवाशांनी ती नदी रेल्वेच्या खिडकीतून, पुलाच्या धडधडाटात, अर्धा मिनिट पाहिलेली असते. जे पाण्यावर कधी बसलेच नाहीत, ते पाण्यासाठी भांडणार कसे?

तेव्हा प्रश्न बोट हवी की नको हा नसून, ती कोणाची आणि कशी असावी हा आहे. गोव्यात मांडवीवर संध्याकाळी निघणाऱ्या बोटी पुष्कळ उतारू नेतात. परंतु कर्ण्यांच्या गोंगाटात नदी ही केवळ पार्श्वभूमी होऊन बसते. तसेच करायचे तर त्यासाठी खाडी हवीच कशाला, हॉलही चालेल. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून तेराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर उतारूंना जीवरक्षक जाकिटे सक्तीची झाली. खाडी अरुंद व शांत आहे म्हणून येथे ढिलाई चालेल, अशा समजुतीत कोणी राहू नये.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते भरती-ओहोटीचे गणित. ते कार्यालयातील वेळापत्रकाला जुमानत नाही. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी, भरतीचा सुमार कळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर सहाच्या सुमारास भरती, आणि खाडीत आत ती आणखी थोडी उशिरा. पौर्णिमेला उधाण मोठे, पण ते दुपारी आणि मध्यरात्री. सायंकाळी पाणी तळाला गेलेले. म्हणजे ‘पौर्णिमेच्या चांदण्यात नौकाविहार’ अशी आकर्षक जाहिरात करून संध्याकाळी सहाला निघणारी बोट, गाळाने भरलेल्या या खाडीत रुतून बसण्याचीच शक्यता अधिक. अष्टमीच्या आसपास वेळ जमते, परंतु तेव्हा भांगाचे पाणी, त्याला जोर कमी. हे ज्याला उपजत कळते, त्या बाळकुम-कोलशेतच्या कोळी-आगरी तरुणाच्या हाती सुकाणू आणि उत्पन्नाचा वाटा असावा. रेतीउपशाने आणि सांडपाण्याने त्याच्या जाळ्यातील जिताडा व बोय कमी होत गेले. निदान नव्या व्यवसायात तरी त्याला तिकिटे फाडण्यापुरता ठेवू नये.

धक्क्यासाठी आणि ‘दृश्य मोकळे करण्यासाठी’ तिवरांवर कुऱ्हाड चालवण्याचा मोहही होईल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरचा घाला मानला आहे. उधाणाचे पाणी पाड्यात शिरू लागले, की त्या निकालाचा अर्थ वकिलावाचूनही समजतो.

दरम्यान बाळकुम ते गायमुख असा खाडीकिनारी रस्ता मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतला आहे. घोडबंदर रस्त्यावरील कोंडी पाहता त्याची निकड नाकारता येणार नाही. परंतु भरधाव वाहनांची ही नवी भिंत गाव आणि पाणी यांच्या मध्येच उभी राहणार आहे. पाड्यातल्या माणसाला तो रस्ता ओलांडून पायी, मुलाबाळांसह, धक्क्यापर्यंत जाता येईल अशी वाट किती ठिकाणी ठेवली आहे, हे नकाशावर आज विचारता येते. खांब उभे राहिल्यावर त्या प्रश्नाला ‘आता काही करता येत नाही’ हेच उत्तर मिळेल.