गाठीचा देश, कडीचा देश

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे तेरणाकाठचे गाव संत गोरोबाकाकांचे म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे, तर इतिहासाच्या अभ्यासकांना ते प्राचीन तगर नगर म्हणून परिचित आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिद्दीने जमवलेल्या पुरावस्तूंचे शासकीय वस्तुसंग्रहालय याच गावात आहे आणि त्या संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीप्रतिमा आहे. इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी तिचे साम्य असल्याने तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे तिथली प्रतिमा त्याआधीची हे निश्चित झाले आणि तेरच्या प्रतिमेच्या काळाचा अंदाजही त्यावरून बांधता आला. व्यापार, शैली, कालनिर्णय यांची ही चर्चा मोलाचीच आहे. मात्र दागिन्यांनी मढलेल्या या स्त्रीच्या कमरेची मेखला पाहून एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. धातू घडवण्यात एवढा वाकबगार असलेला समाज अंगावरचे वस्त्र जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी धातू का वापरत नव्हता? युरोपात याच कामासाठी पिना, बकले, कड्या आणि शेवटी लांब मोजे वर धरणारे नाजूक चिमटे यांची मोठी परंपरा घडली. आपल्याकडे ती घडली नाही. कारागिरी कमी पडली म्हणून असे झाले, हे उत्तर चुकीचे आहे. कारण वस्त्राच्या आकारात आणि शरीराच्या घडणीत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सुरुवात मोज्यांच्या चिमट्यापासूनच करावी, कारण या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप तिथे दिसते. गुडघ्याच्या वर जाणारा मोजा ही कापडाची बंद नळी असते. मांडी वर रुंद आणि पाय खाली निमुळता, त्यामुळे प्रत्येक पावलागणिक ही नळी खाली सरकू पाहते. तिला गुंडाळायला, खोचायला किंवा गाठ मारायला मोकळे टोक नसते. युरोपात शतकानुशतके यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे गुडघ्याखाली किंवा गुडघ्यावर फीत करकचून बांधणे. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाने 1348 च्या सुमारास स्थापन केलेल्या सरदारांच्या मानाच्या संघाचे चिन्ह अशीच एक फीत आहे. पण फीत सैल बांधली तर मोजा घसरतो, आवळून बांधली तर रक्ताभिसरण अडते. विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणण्याचे यंत्र बनवले आणि पुढे मोजे घराघरांत पोचले, पण ते वर धरायचे कसे हा प्रश्न शिल्लकच राहिला. 1820 साली थॉमस हॅनकॉक याने लवचीक रबराच्या पट्ट्यांचे पेटंट घेतले, त्यात मोज्यांचाही उल्लेख होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोज्याचा भार पायावरून काढून कमरेवर टाकण्याची कल्पना रुजली. कमरेच्या पट्ट्यापासून लवचीक फिती खाली सोडायच्या आणि त्यांच्या टोकाच्या चिमट्यात मोज्याचा काठ अडकवायचा, अशी ती रचना होती.

या चिमट्याची घडण अभ्यासण्याजोगी आहे. त्याचे भाग दोन. एक म्हणजे रबराची टोपी घातलेली छोटी घुंडी, दुसरा म्हणजे तारेची कडी, वर रुंद आणि खाली अरुंद. मोज्याचा काठ घुंडीवर पसरायचा, कापडासह घुंडी कडीच्या रुंद भागातून बाहेर काढायची आणि अरुंद भागात सरकवायची. मोजा जितका खाली ओढ घेईल तितकी घुंडी अरुंद भागात घट्ट रुतते. ज्या ओढीमुळे मोजा घसरतो, तीच ओढ इथे पकड वाढवण्याच्या कामी लावली आहे. घुंडी नुसत्या धातूची असती तर विणीचे धागे तुटले असते, म्हणून रबर. काठ एकेरी असता तर फाटला असता, म्हणून मोज्याची वरची पट्टी दुहेरी विणलेली. प्रत्येकाची उंची वेगळी, म्हणून फितीवर मागेपुढे सरकणारे बकल. कापडाला भोक न पाडता धरणे, ताण पसरवणे, लांबी जुळवणे आणि एका हाताने सोडता येणे, या चार अटी एवढ्याशा वस्तूने पुऱ्या केल्या. पण इतकी बुद्धी खर्च करावी लागली, कारण मोज्याला स्वतःची पकड नव्हती.

आता तगराकडे वळू. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे नमूद आहे. या नगरासाठी जुन्नर, दौलताबाद, धारूर अशी नावे सुचवली गेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एफ. फ्लीट यांनी ते म्हणजे तेर हे दाखवून दिले, आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिले. त्या ग्रंथात तगराहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या मालात साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल ठळकपणे येते. म्हणजे तगर हे कापडाचे शहर होते आणि तिथले कापड भूमध्य समुद्रापर्यंत पसरलेल्या बाजारात जात होते. तिकडेही न शिवलेले कापड अंगाभोवती घेण्याची रीत होती, पण ग्रीक स्त्रिया आपले वस्त्र खांद्यांवर पिनांनी जोडत आणि रोमन सैनिक आपला झगा फिब्युला नावाच्या पिनेने अडकवत. स्प्रिंग, सुई आणि सुईचे टोक अडकवायची खाच असलेल्या या पिना युरोपातल्या उत्खननांत हजारोंनी निघतात. याच शतकात अफगाणिस्तानातल्या तिल्या टेपे येथे पुरलेल्या भटक्या सरदाराच्या बुटांवर सोन्याची, पिरोजा जडवलेली बकले होती. ती 1978 मध्ये व्हिक्टर सारियानिदी यांना मिळाली. तक्षशिलेजवळच्या सिरकपमध्येही जॉन मार्शल यांना सोन्याचे ब्रूच सापडले. दख्खनमध्ये मात्र अशी परंपरा दिसत नाही. व्यापाराने रोमन दिवे आले, रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मृण्मुद्रा आल्या, पण वस्त्र धरणारी पिन इथे रुजली नाही.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. सोनेचांदी वितळवली जाते, लोखंड गंजते, तेव्हा वस्तू मिळाली नाही म्हणून ती नव्हतीच असे कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे आणि त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की वस्तू नाहीशी झाली तरी तिचे चित्रण उरते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची स्त्रीपुरुषांची जोडपी आणि भाज्याची शिल्पे पाहिली, तर शिल्पकाराने कमरेच्या शेल्याची गाठ, तिचे लोंबते सोगे, वस्त्राच्या चुण्या आणि मेखलेचे पदर बारकाईने कोरलेले दिसतात. एवढे टिपणाऱ्या हाताने खांद्यावरची किंवा कमरेवरची पिन वगळली असती, हे संभवत नाही. दुसरे उत्तर जमिनीतूनच मिळते. नेवासे, भोकरदन यांसारख्या सातवाहनकालीन वस्त्यांमध्ये काजळ घालायच्या तांब्याच्या सळया मिळतात. अशी एक सळई वाकवून टोक अणकुचीदार केले की पिन तयार होते. धातू होता, कारागीर होता, सळई घडवण्याची रीतही होती. उणीव होती ती गरजेची.

दुसरा आक्षेप कंबरपट्ट्याचा. कंबरपट्ट्याला पुढे आकडा आणि कडी असते, तो साडीवर घट्ट बसतो, मग तो साडी धरणारा चिमटाच नव्हे काय? याचे उत्तर नऊवारी नेसण्याच्या क्रमातच आहे. आधी कापड कमरेभोवती घेऊन गाठ मारली जाते, मग निऱ्या खोचल्या जातात, पायांमधून मागे नेलेला कासोटा खोचला जातो, पदर खांद्यावर येतो, आणि हे सगळे पुरे झाल्यावर सणासमारंभाला कंबरपट्टा चढतो. तो काढला तरी साडी जागची हलत नाही. शेतात खुरपणी, काढणी करणाऱ्या बाईच्या अंगावर कंबरपट्टा नसतो, तरी दिवसभर वाकून काम करूनही तिचे नऊवारी जागेवर असते. कंबरपट्ट्याचा आकडा कंबरपट्ट्यालाच धरतो, वस्त्राला नाही. चाव्या अडकवायचा चांदीचा छल्ला तर याहून स्पष्ट साक्ष देतो. त्याचा आकडा कमरेला खोचतात, म्हणजे तिथे धातूने कापडाला धरलेले नसून कापडाने धातूला धरले आहे.

नऊवारीला ही पकड येते कुठून? एक तर शरीराच्या घडणीतून. कमरेखाली नितंब रुंद होतात, त्यामुळे कमरेवर बांधलेल्या कापडाला खालून आधार मिळतो. पायाचे नेमके उलटे, तो खाली अरुंद होत जातो. दुसरे कारण घर्षण. दोर खांबाभोवती जितका जास्त गुंडाळावा तितकी त्याची पकड पटीपटीने वाढते, हे ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने मांडले आहे. कमरेभोवतीचा वेढा, गाठ आणि खोच या सगळ्यांत हेच तत्त्व काम करते. मात्र त्यासाठी कापडाला मोकळे टोक हवे. साडीला, धोतराला, फेट्याला ते असते, मोज्याच्या नळीला नसते. या दोन कारणांपैकी निर्णायक कोणते, हे तपासायला एक चांगले उदाहरण हाताशी आहे. भारतातल्या डोंगराळ मुलुखात पोटरीभोवती कापडाची लांब पट्टी गुंडाळण्याची चाल होती. ती ब्रिटिश सैन्याने उचलली आणि पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांच्या पायांवर ती होती. पाय तोच, निमुळता आणि सतत चालणारा, तरी घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत वेढे घेऊन टोकाची नाडी बांधली की पट्टी टिकते, चिमटा लागत नाही. मोकळे टोक असेल तर निमुळत्या पायावरही कापड स्वतःला धरते. निर्णायक बाब मोकळे टोक हीच.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी मुलुखात शिवलेले कपडेही होते. घोडेस्वार सुरवार घालत, पुरुष अंगरखा घालत, स्त्रिया चोळी घालत. हे सिद्धान्ताला छेद देत नाही का? इथे सिद्धान्त थोडा रुंद करावा लागतो. शिवणीने मोकळे टोक नाहीसे केले की आपल्या शिंप्याने ते कापडातच परत निर्माण केले. सुरवारीला नेफा करून त्यातून नाडी ओवली, चोळीला पुढे गाठीसाठी दोन टोके ठेवली, अंगरख्याला बंद लावले. बाराबंदी हे तर बंदांवरच उभे राहिलेले वस्त्र आहे, आणि शेजारच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी आजही मानाने घातली जाते. दागिन्यांतही हेच दिसते. कानातल्या कुडीला सोनाराने आट्यांची फिरकी केली, म्हणजे बारीक पेच पाडण्याचे कसब त्याच्या हाती होते. तरी गळ्यातली ठुशी मात्र पटवेकऱ्याच्या हातची, मागे सरकगाठीच्या गोंड्याने कमीजास्त होणारी. जिथे दोरी पुरते तिथे धातू वापरायचा नाही, हा विचारपूर्वक केलेला निवाडा होता.

या म्हणण्याची खरी कसोटी गेल्या दीडशे वर्षांत लागली. 1860 च्या दशकात मुंबईत राहिलेल्या ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी पारशी धाटणीवरून साडी नेसण्याची नवी पद्धत घेतली, आणि तिच्याबरोबर खांद्यावर ब्रूच आला. विसाव्या शतकात मराठी घरांतून नऊवारी मागे पडून पाचवारी आली. कासोटा गेला, कमरेची गाठ गेली, आधाराला परकराची नाडी आली, पदर मोकळा पडला. त्याबरोबर धातूही आला. वॉल्टर हंट याने 1849 मध्ये पेटंट घेतलेली सेफ्टी पिन मराठी बाईच्या बांगडीत कायमची अडकली आणि ब्लाउजला हुक लागले. माणसे तीच, मुलूख तोच, हवामान तेच. बदलली ती नेसण्याची रीत, आणि तिने धातूला बोलावून आणले. पाश्चात्त्य देशांत याच सुमारास उलटी वाट घडली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस लायक्रासारखा ताणला जाणारा धागा निघाला, 1959 मध्ये अमेरिकेतल्या ॲलन गँट यांच्या गिरणीने कमरेपर्यंत पोचणारे अखंड मोजे बाजारात आणले, आणि दशकभरात रोजच्या वापरातून चिमटा बाहेर पडला. कापडात पकड परत आली, कडीचे काम संपले. एकीकडे पकड गमावल्यावर धातू आला, दुसरीकडे पकड मिळाल्यावर तो गेला. एकच नियम दोन्ही दिशांनी खरा ठरतो.

म्हणून तेरच्या त्या मेखलाधारी स्त्रीकडे पाहताना तिच्या वस्त्रात पिन नाही ही उणीव समजू नये. पिन, बकल आणि चिमटा ही प्रगतीच्या शिडीची पायरी नाही, एका विशिष्ट आकाराच्या कपड्याने निर्माण केलेली ती गरज आहे. तगराच्या विणकरांनी आणि वस्त्र नेसणाऱ्यांनी तीच गरज कापडाच्या लांबीने, गाठीने आणि खोचण्याने भागवली, आणि त्यामागे मोज्याच्या चिमट्याइतकीच बुद्धी आहे. ती बुद्धी हातांच्या हालचालींत असल्याने संग्रहालयाच्या कपाटात ठेवता येत नाही, म्हणून तिची नोंद वेगळ्या रीतीने करावी लागेल. संग्रहालयांनी दागिन्याच्या दर्शनी बाजूइतकेच त्याच्या मागच्या फिरकीचे, आकड्याचे, ओवलेल्या दोऱ्याचे छायाचित्र आणि माप जपावे. वाचकांनाही एक विनंती आहे. घरातला जुना कंबरपट्टा किंवा छल्ला मोडीत देण्याआधी त्याची कडी आणि आकडा नीट पाहा, फोटो काढा, कोणत्या गावच्या सोनाराने घडवला ते लिहून ठेवा. आणि घरात नऊवारी नेसणारी आजी असेल, तर ती गाठ कशी मारते आणि कासोटा कसा खोचते, हे तिच्याकडून या दिवाळीतच शिकून घ्या.