‘बारावी होऊ दे, मग बघू’ म्हणण्याआधी



मुलगी पियानो किंवा व्हायोलिन छान वाजवते आणि एक दिवस म्हणते, “मला परदेशात जाऊन संगीतच शिकायचंय.” बहुतेक घरांतलं उत्तर ठरलेलं असतं : “आधी बारावी होऊ दे, मग बघू.” ते काळजीपोटीच दिलेलं असतं. पण त्यात तिचं एक अख्खं वर्ष जाऊ शकतं. कसं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

ब्रिटनमध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकसारख्या संस्थांचे अर्ज ‘यूकास कन्झर्व्हेटॉयर्स’ या एकाच ठिकाणी ऑनलाइन भरायचे असतात. वर्ग सप्टेंबरात सुरू होतात, पण अर्जाची मुदत संपते ती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला! न्यूयॉर्कच्या जुलियार्डची मुदत साधारण १ डिसेंबर. म्हणजे बोर्डाची परीक्षा व्हायच्या आत अर्ज गेलेला हवा. जागा मिळाली, तर ती बारावीच्या निकालाच्या अटीवर राखून ठेवतात. म्हणून तयारी अकरावीतच सुरू व्हायला हवी.

आता तयारी कसली? इथे गुणपत्रिका लागते, पण निवड होते ती ऑडिशनवर, म्हणजे प्रत्यक्ष वाजवून किंवा गाऊन दाखवण्यावर. काय वाजवायचं, हे संस्था आधीच कळवते. बहुधा वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या शैलीतल्या दोन-तीन रचना. कित्येक ठिकाणी आधी व्हिडिओ मागवतात आणि त्यातून निवडलेल्यांनाच पुढे बोलावतात. हा व्हिडिओ साध्या मोबाइलवरही करता येतो. मात्र एक रचना सलग, न कापता, न जोडता वाजवलेली असावी. चेहरा आणि हात दोन्ही दिसावेत. पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येऊ नयेत. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षा उपयोगी पडतात, पण त्या ऑडिशनची जागा घेत नाहीत. गुरूंची शिफारसपत्रं आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकालही लागतो. पत्रासाठी गुरूंना महिनाभर आधी विनंती करावी.

मुलगी हिंदुस्थानी संगीत शिकत असेल, तर वाट थोडी वेगळी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या कोडार्ट्स संस्थेत भारतीय संगीताचा विभाग उभा राहिला आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांनी त्याचं मार्गदर्शन केलं. पण असे विभाग मोजकेच. म्हणून अर्जाआधी दोन गोष्टी ईमेलने विचाराव्यात : आमचं वाद्य किंवा गायन तुमच्याकडे मुख्य विषय म्हणून चालेल का? आणि ‘विशारद’ तुम्ही पदवी मानता का? उत्तर लेखी मिळाल्यावरच पुढे जावं.

आता पैसा. फी सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेत फिलाडेल्फियाची कर्टिस संस्था १९२८ पासून शिकवणीची फी घेत नाही, पण तिथे प्रवेश फारच थोड्यांना मिळतो. जर्मनीतल्या अनेक सरकारी संगीत-विद्यालयांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. तिथे जर्मन भाषा यावी लागते, आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. प्रत्येक अर्जाची व ऑडिशनची फी वेगळी असते आणि ती सहसा परत मिळत नाही. त्यामुळे दहा ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा नीट निवडलेल्या तीन-चार ठिकाणी करावा.

आणि हे लक्षात ठेवा : संस्थेचं लेखी पत्र आणि शिष्यवृत्तीचं उत्तर हातात येईपर्यंत घर किंवा दागिने गहाण ठेवू नका. “प्रवेश नक्की करून देतो” म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. ऑडिशन मुलीलाच द्यायची असते. ती दुसरं कुणी देऊ शकत नाही.

अर्ज केला म्हणजे मुलगी निघालीच, असं नाही. जायचं की नाही, हे पत्र आल्यावरही ठरवता येतं. पण मुदत टळली, तर ठरवायला काही उरतच नाही. तेव्हा घरात अकरावीतली मुलगी असेल, तर या रविवारी तिच्याजवळ बसा, एक वही घ्या आणि तीन संस्थांची नावं व तारखा लिहून काढा.