औषध थेट मूत्राशयात

नागपुरात एप्रिल-मेमध्ये लघवीला जळजळ झाली की घरातली मोठी माणसं निदान करून मोकळी होतात: उन्हाळी लागली. धण्याचं पाणी, सब्जा, दोन दिवस उन्हात फिरू नकोस. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. काहींची जळजळ मात्र दिवाळी उलटली तरी जात नाही. काहींना दुखत काहीच नाही, पण लघवी लाल होते. तपासण्या झाल्यावर यातल्या काहींना युरोलॉजिस्ट सांगतात, औषध तोंडाने देऊन उपयोग नाही, लघवीच्या पिशवीतच सोडावं लागेल. हे ऐकून माणूस दचकतो. दचकण्यासारखं त्यात फारसं नाही.

गोळी का पुरत नाही

मूत्राशयाचं आतलं अस्तर शरीरातल्या सर्वांत घट्ट अस्तरांपैकी एक आहे. लघवीतली घाण पुन्हा रक्तात जाऊ नये, हे त्याचं काम. त्यामुळे तोंडाने किंवा शिरेतून दिलेलं औषध तिथे पुरेसं पोचवायचं तर मात्रा वाढवावी लागते आणि त्रास सगळ्या शरीराला होतो. उलट, आत सोडलेलं औषध रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून ते जहाल असलं तरी चालतं.

पण हेच अस्तर औषधाला खोलवरही जाऊ देत नाही. शिवाय मूत्रपिंडं थांबत नाहीत. तासाला साठ-सत्तर मिली लघवी येतच राहते आणि औषध पातळ होत जातं.

नळी आणि दोन तास

पद्धत साधी आहे. भूल देत नाहीत. बधिर करणारी जेली लावून बारीक नळी आत घालतात, पिशवी रिकामी करतात, साधारण ५० मिली औषध सोडतात आणि नळी काढून घेतात. मग औषधाप्रमाणे तास-दोन तास लघवी रोखून धरायची. ज्याला एरवी दर अर्ध्या तासाला जावं लागतं, त्याच्यासाठी हे दोन तासच खरे कठीण.

औषध पातळ होऊ नये म्हणून आधीचे तीन-चार तास पाणी कमी प्यायला सांगतात. पारा ४५ च्या वर असताना ही अट जीवावर येते. मे महिन्यात सकाळी लवकरची वेळ मागून घ्या. औषध बाहेर पडल्यावर मात्र भरपूर पाणी प्यायचं.

क्षयाची लस कर्करोगावर

या पद्धतीतलं सर्वांत नावाजलेलं औषध म्हणजे बाळाच्या दंडावर टोचतात ती बीसीजी. १९२१ साली ती प्रथम माणसाला दिली गेली. कॅनडातले डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये ती मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरल्याचा अहवाल दिला. रुग्ण होते अवघे नऊ. आज स्नायूपर्यंत न पोचलेल्या पण पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त असलेल्या गाठीत, दुर्बिणीने गाठ खरवडून काढल्यावर, बीसीजी हाच पहिला उपाय मानला जातो. हे जिवंत पण दुबळे केलेले जंतू अस्तराला चिकटतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून येते.

सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस, मग ठरावीक महिन्यांच्या अंतराने तीन-तीन, एक ते तीन वर्षं. मोठ्या परदेशी उत्पादकांपैकी एकाने हे औषध बनवणं थांबवल्यापासून जगात अनेक ठिकाणी त्याची टंचाई आहे. आपल्याकडे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ते बनवते, ही मोठीच सोय. कुपी २ ते ८ अंश तापमानात, उजेडापासून दूर ठेवायची असते. दवा बाजारातून ती स्वतः आणायची असेल तर बर्फाचा डबा घेऊन जा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत अर्धा तास राहिलेली कुपी घेऊन येऊ नका.

औषध जिवंत जंतूंचं, म्हणून नंतरचे सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचं. एक-दोन दिवस जळजळ, कणकण चालते. थंडी वाजून जोराचा ताप आला किंवा ताप उतरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नळी घालताना रक्त आलं किंवा लघवीत जंतुसंसर्ग असला, तर डोस पुढे ढकलतात.

कर्करोग नाही, तरी दुखतं

याबद्दल फार कमी बोललं जातं. इंटरस्टिशियल सिस्टायटिस नावाच्या दुखण्यात लघवीचा कल्चर रिपोर्ट स्वच्छ येतो, पण पिशवी भरली की ओटीपोट दुखतं, दिवसरात्र फेऱ्या होतात. रुग्णांत बायका जास्त. संसर्ग सापडत नसताना अँटिबायोटिकचे कोर्स वर्षानुवर्षं चालू राहतात आणि शेवटी ‘टेन्शन घेता’ असा शेरा मिळतो, हे मला चीड आणणारं वाटतं. अशांसाठी हेपारिन, लिग्नोकेन आणि सोडा बायकार्बचं मिश्रण, हायल्युरॉनिक ॲसिड किंवा डीएमएसओ आत सोडतात. अमेरिकेत डीएमएसओला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. डीएमएसओ सोडल्यावर दिवसभर श्वासाला लसणासारखा वास येतो, हे आधी माहीत असलेलं बरं. या औषधांनी दुखणं कमी होतं, मुळापासून जातंच असं नाही.

पिशवी विनाकारण आकुंचन पावत असेल आणि गोळ्या लागू पडत नसतील, तर दुर्बिणीतून स्नायूत बोटॉक्स टोचतात. असर सहा-नऊ महिने. काहींना लघवी अडकून स्वतः नळी घालायची वेळ येते, हे होकार देण्यापूर्वी विचारून घ्या.

नवं काय

औषध दोन तासांऐवजी तीन आठवडे झिरपत राहील अशी जिलबीसारखी वळलेली बारीक नळी मूत्राशयात ठेवण्याच्या उपचाराला अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता मिळाली. बीसीजी लागू न पडलेल्यांसाठी ती आहे.

डोस चुकतो तो प्रवासामुळे

नागपुरातल्या मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात, मिहानच्या एम्समध्ये रुग्ण येतात गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून. लागोपाठ सहा आठवडे रोजगार बुडवून यायचं, आणि परत जाताना एसटीत दर वीस मिनिटांनी लघवी लागलेली. चौथ्या डोसानंतर बरं वाटतंय म्हणून थांबणारे असतात, आणि अपुऱ्या डोसांनी गाठ परतण्याचा धोका वाढतो. डोसाच्या रात्री नागपुरात मुक्कामाची सोय होते का, ते आधीच पाहून ठेवा. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच भेटीत विचारा. बिडी-सिगारेट त्याच दिवशी बंद करा, कारण या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. आणि डोस संपले तरी दुर्बिणीची तपासणी संपत नाही: धोका जास्त असलेल्या गाठीत पहिली दोन वर्षं ती दर तीन महिन्यांनी करावी लागते.