विद्यार्थ्यांची भूक आणि विद्यार्थ्यांचे हात

विद्या आणि भूक यांची सोबत महाराष्ट्रास नवी नाहीं. मधुकरी मागून किंवा सात घरीं सात वार लावून शिकलेल्यांच्या पिढ्या येथें होऊन गेल्या. तीही सोय बहुधा ब्राह्मणांच्या मुलांपुरतीच होती. ती चाल मागें पडली, पण उपाशी विद्यार्थी नाहींसा झाला नाहीं. तो आतां दारीं दिसत नाहीं, इतकेंच.

खानदेशांत या भुकेचा हंगाम ठरलेला असतो. जून-जुलैंत महाविद्यालयें उघडतात, त्याच सुमारास शेतकऱ्याचा पैसा बियाण्यांत व खतांत गेलेला असतो. कपाशीची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. तोंवर घरचा हात आंखडलेला. साक्री-शिरपुराकडून धुळ्यास किंवा चोपडा-यावलकडून जळगांवास आलेला मुलगा अशा वेळीं काटकसर करतो ती पोटाची. भाडें थकलें तर घरमालक विचारतो. जेवण चुकलें तर कोणी विचारीत नाहीं.

तें विचारणें सोबत्याचें काम आहे. शेजारीं झोपणाऱ्यास जें दिसतें, तें प्राध्यापकास दिसत नाहीं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयांत मुलांची गरज त्यांनीं न सांगतां ओळखली, कारण ते मुलांतच राहत.

पुढची पायरी व्यवस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें, तें गांवोगांवच्या मूठमूठ धान्यावर आणि मुलांच्या श्रमावर चाललें. तीच रीत आजही चालेल. सुटीहून परततांना प्रत्येकानें किलो-दोन किलो दादर, उडीद किंवा तूरडाळ आणावी. खानावळीच्या दरांत जागेचें भाडें, आचाऱ्याचा पगार आणि मालकाचा नफा धरलेला असतो. दहा-बारा जणांनीं पाळीपाळीनें रांधलें, तर हा भार उतरतो आणि कळण्याची भाकरी व डाळ स्वस्तांत पडते. हिशेब भिंतीवर लावावा. मात्र कोणी किती कमी दिलें, हें त्यांत नसावें. मिंधेपणाच्या भीतीनेंच पुष्कळ मुलें उपाशी राहतात.

तिसरें काम कागदाचें. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं स्वाधार व आदिवासी विद्यार्थ्यांसाठीं स्वयम् या सरकारी योजना आहेत. जळगांवच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. वरच्या वर्गांतील मुलांनीं नवागतांचे अर्ज भरून द्यावे, दाखले जमवून द्यावे. रक्कम हातीं पडण्यास विलंब झाला, तर वर्गणीच्या छोट्या निधींतून बिनव्याजी उसनवार द्यावी.

यांतील कोणत्याही कामास मोठें भांडवल लागत नाहीं. आज पाळीनें भाकरी थापणारा मुलगा उद्यां कपाशीचे पैसे आल्यावर दुसऱ्याच्या वाट्याचें धान्य भरील. येथें दाता आणि याचक असे दोन वर्ग उरत नाहींत. एकाच पंक्तीला बसणारे सोबती तेवढे उरतात.